पुस्तक मिटल्यावर काय उरते?

परीक्षा संपते, पुस्तक फळीवर जाते, आणि पंधरा दिवसांनी इतिहासातले काही विचारावे तर मुलगा आढ्याकडे पाहू लागतो. अफजलपुरात काय आणि अन्यत्र काय, हा अनुभव घरोघरचा आहे. आईबाप रागावतात, मुलगा तोच धडा पुन्हा दहा वेळा घोकतो, आणि पुढल्या महिन्यात पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी! यात मुलाचा आळस थोडा आणि अभ्यासाच्या रीतीचा दोष अधिक, असे आम्हांस वाटते.

एबिंगहाउस या जर्मन पंडिताने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखविले की, शिकलेले आपण पहिल्या एकदोन दिवसांतच सर्वांत वेगाने विसरतो. पुढे तो वेग मंदावतो. अमेरिकेत रोडिगर व कार्पिक या संशोधकांनी २००६ साली आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून मग तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे सरस ठरले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. फसगत होते ती येथे.

तेव्हा उजळणी करावी ती पुस्तक मिटून. आपल्याच तालुक्याचे उदाहरण घ्या. १९४८ पूर्वी येथे जन्मलेल्या आजोबांनी घराचा उंबरा बदलला नाही, पण राज्य बदलले. जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर १९४८ मध्ये ते संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा म्हैसूर राज्यात आला. १९७३ साली त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी. नुसते चार सन घोकले तर उडून जातात. आजोबांच्या आयुष्याला जोडले की मनात ठरतात.

"आम्हांला अक्षर येत नाही, आम्ही काय शिकविणार?" असे काही माता म्हणतात. बाई, आपण शिकवू नका, फक्त विचारा. भाकरी थापताना म्हणा, "आज काय शिकलास, सांग पाहू." तो अडखळला तर लगेच पुस्तक देऊ नका, थोडे आठवू द्या, मग त्यालाच उघडून पडताळू द्या. हेच तिसऱ्या दिवशी, पुढल्या रविवारी आणि महिन्याने पुन्हा विचारा. शाळा कन्नड असेल तर घरी मराठीत सांगून झाल्यावर तेच एकदा कन्नडमध्येही म्हणवून घ्या. परीक्षेचा कागद त्याच भाषेत असतो.

हे केवळ गुणांसाठी नव्हे. ९८ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या ३७१ जे या कलमान्वये आपल्या भागातील मुलांसाठी शिक्षणात व सरकारी नोकरीत राखीव जागांची तरतूद आहे. नागरिकशास्त्राचा धडा परीक्षेबरोबर विसरणारा मुलगा उद्या आपला हक्कही विसरेल. म्हणून आज रात्री चुलीपाशी एकच प्रश्न विचारून पाहा.