मेंदूची दुखापत आणि कायद्याची यादी

अपघातानंतर टाके निघतात, मूल शाळेत परतते आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. खऱ्या अडचणी अनेकदा त्यानंतर सुरू होतात. वाचलेले लक्षात राहत नाही, थोड्याच वेळात थकवा येतो, चिडचिड वाढते. मेंदूच्या दुखापतीचे हे परिणाम बाहेरून दिसत नाहीत. म्हणून त्यांवर आळसाचा शिक्का बसतो.

अमेरिकेने १९९० मध्ये विशेष शिक्षणाच्या कायद्यात अशा दुखापतीला स्वतंत्र वर्ग दिला. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत हा नाही. परिणामी मुलाला दुसऱ्या एखाद्या प्रकारात बसवावे लागते. हातपाय धड, पण स्मरण व एकाग्रता ढासळलेली, अशा मुलाच्या बाबतीत ते कठीण ठरते. शिवाय कलम ३१ मधील मोफत शिक्षणाच्या हक्कासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

तरीही वाट पूर्ण बंद नाही. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ व लेखनिकाची तरतूद आहे. विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असे स्पष्ट केले. अनुसूचीत नवा प्रकार अधिसूचनेद्वारे जोडण्याचा अधिकारही केंद्राकडे आहे.

दुचाकींचे अपघात नित्याचे झालेल्या गोव्याला हा प्रश्न परका नाही. केंद्राची अधिसूचना येईल तेव्हा येईल. तोवर शाळांनी टक्केवारीआधी मुलाची गरज पाहावी.