चेहरा दिसेना, आवाज येईना

शुक्रवार हा कुवेत, कतर आणि सौदी अरेबियात सुट्टीचा दिवस. तिथली घड्याळे आपल्यापेक्षा अडीच तास मागे चालतात. त्यामुळे तिथे नोकरीला असलेला माणूस जुमाची नमाज अदा करून, जेवून खोलीवर परततो तेव्हा आपल्या रत्नागिरी-रायगडकडे साडेचार-पाच वाजलेले असतात. घरातली मंडळी संगणकासमोर जमते. मोबाइलपेक्षा संगणक बरा वाटतो, कारण पडदा मोठा. दादीला लेकाचा चेहरा नीट दिसतो. आणि मग अर्धा वेळ जातो तो "आवाज येतोय का?" आणि "तू दिसत नाहीस" यातच.

मग शेजारचा मुलगा बोलावला जातो. तो दोन कळा दाबतो, काम होते. पण पुन्हा अडेल म्हणून तो तिथेच बसून राहतो. आता नवरा-बायकोने काय बोलायचे? सासरची अडचण, पैशांची तंगी, दुखणेखुपणे हे सगळे शेजाऱ्यासमोर कसे सांगायचे? महिन्यातून चार मुलाकाती होतात आणि त्यातली एकही आपली स्वतःची नसते. म्हणून या महिन्यात आम्ही ठरवले की, व्हिडिओ कॉलमधल्या नेहमीच्या अडचणी घरच्या बाईला स्वतः कशा सोडवता येतील ते सांगावे. विंडोज असलेला साधा संगणक आम्ही समोर धरला आहे.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

मुलाला फळ्यावरचे दिसत नाही अशी तक्रार आली, तर आम्ही शिक्षक त्याला लगेच चष्म्याच्या दुकानात धाडत नाही. आधी बाक बदलून बघतो. इथेही तसेच करायचे. बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो: आपल्या संगणकात, आपल्या इंटरनेटमध्ये किंवा पलीकडच्या माणसाकडे. त्याच माणसाला आपल्या मोबाइलवरून, मोबाइलच्याच डेटावर कॉल लावून पाहा. तो नीट लागला तर पलीकडे सगळे ठीक आहे. आता मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून संगणक त्याला जोडा. तेवढ्याने कॉल सुधारला तर दोष घरच्या वायफायचा. तरीही सुधारला नाही तर दोष संगणकाचा. एवढे कळले की निम्मे काम झाले.

चेहरा दिसत नसेल

कॉल बंद करा. स्टार्टवर जाऊन कॅमेरा हे ॲप उघडा. त्यात तुमचा चेहरा दिसला तर कॅमेरा धडधाकट आहे. न दिसल्यास आधी भिंगासमोरची सरकती झडप पाहा. अनेक लॅपटॉपना ती असते आणि पुसताना नकळत सरकते. काही लॅपटॉपच्या वरच्या ओळीत कॅमेऱ्याचे चित्र असलेली कळ असते, ती दाबून पाहा. वेगळा वेबकॅम असेल तर त्याची वायर काढून दुसऱ्या यूएसबी खाचेत, शक्यतो संगणकाच्या मागच्या बाजूला लावा.

कॅमेरा ॲपमध्ये दिसतो पण कॉलमध्ये दिसत नाही, असे असेल तर प्रश्न परवानगीचा आहे. विंडोजची कळ आणि आय एकत्र दाबली की सेटिंग्ज उघडते. त्यात प्रायव्हसीमध्ये जाऊन कॅमेरा निवडा आणि तिथली सगळी बटणे चालू आहेत ना ते बघा. ब्राउझरमधून कॉल करत असाल तर पत्त्याच्या डाव्या टोकाला एक छोटे चिन्ह असते. त्यावर क्लिक करून कॅमेरा आणि मायक्रोफोन दोन्हींना अलाऊ करा. पहिल्या वेळी घाईत ब्लॉक दाबले गेले की ब्राउझर पुन्हा विचारत नाही, गप्प बसतो.

आणखी एक गोष्ट. कॅमेरा बहुधा एका वेळी एकाच ॲपला मिळतो. तपासणीसाठी उघडलेले कॅमेरा ॲप बंद केल्याशिवाय कॉल लावू नका.

आवाज जात नसेल

इथेही तीच रीत. साउंड रेकॉर्डर उघडा, दोन वाक्ये बोला आणि ऐका. ऐकू आले तर माइक चांगला आहे. नाही आले तर घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा. इनपुट या भागात संगणकाला माहीत असलेले सगळे माइक दिसतात. योग्य तो निवडा आणि बोला. शेजारची पट्टी हलली पाहिजे.

जुन्या डेस्कटॉपवर एक फसगत नेहमी होते. त्याला दोन भोके असतात: हिरवे ऐकण्यासाठी, गुलाबी माइकसाठी. मोबाइलच्या इअरफोनच्या एकाच पिनेत दोन्ही असते. ती पिन हिरव्या भोकात घातली की आपल्याला ऐकू येते, पण आपला आवाज जात नाही. इअरफोन खराब नसतो. एका पिनेच्या दोन पिना करणारी छोटी वायर मिळते, ती आणा किंवा यूएसबीचा हेडफोन घ्या. ज्या लॅपटॉपला एकच भोक असते त्यावर मोबाइलचा इअरफोन बहुधा तसाच चालतो.

आणि ऐकूच येत नसेल तर घरातले ब्लूटूथ इअरफोन शोधा. आतल्या खोलीत कुणाच्या तरी कानात ते असतात, संगणकाला जोडलेले असतात आणि तुमच्या लेकाचा आवाज तिकडे जात असतो!

आवाज घुमत असेल

आपलेच बोलणे आपल्याला परत ऐकू येते तेव्हा आपण आपल्या संगणकाला दोष देतो. खरे तर उलट असते. आपला आवाज पलीकडच्या स्पीकरमधून निघतो, तिथल्याच माइकमध्ये शिरतो आणि परत येतो. त्यामुळे उपाय पलीकडच्याने करायचा: आवाज कमी करायचा किंवा इअरफोन लावायचा. त्याला स्वतःचा आवाज परत येत असेल तर उपाय आपण करायचा. एकाच खोलीत संगणक आणि मोबाइल दोन्ही त्याच कॉलवर असतील तर कानठळ्या बसवणारी किंकाळी उठते. अशा वेळी एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा.

चित्र गोठत असेल, कॉल तुटत असेल

झूमच्या हिशेबाने दोघांच्या चांगल्या व्हिडिओ कॉलला सेकंदाला सुमारे ६०० किलोबिट लागतात, तेही येताना आणि जाताना दोन्हीकडे. नुसत्या आवाजाला १०० किलोबिटही लागत नाहीत. म्हणून चित्र अडखळू लागले की पहिला उपाय म्हणजे आपला कॅमेरा बंद करणे. चेहरा गेला तरी बोलणे वाचते. मग घरात कोण काय बघते आहे ते पाहा. मुलांचे व्हिडिओ, मोबाइलमधल्या फोटोंची आपोआप होणारी साठवण, संगणकाचे अपडेट हे सगळे त्याच वायरीतून चाललेले असते.

राउटर लोखंडी कपाटामागे किंवा जमिनीवर ठेवू नका. उंचावर, मोकळ्यावर ठेवा. राउटरची दोन नावे दिसत असतील तर ५ गिगाहर्ट्झचे वायफाय वेगवान पण जवळचे, २.४ गिगाहर्ट्झचे हळू पण भिंतींपलीकडे पोहोचणारे. संगणक राउटरजवळ असेल तर सरळ लॅनची वायर लावा. तिच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही.

कॉल दर वेळी ठरावीक मिनिटांनीच तुटत असेल तर तो बिघाड नव्हे. झूमच्या मोफत सेवेत ४० मिनिटांची मर्यादा आहे. गूगल मीटवर तीन किंवा अधिक जण असतील तर ६० मिनिटांची. ईदच्या दिवशी चार ठिकाणची भावंडे एकत्र येतात तेव्हा हे आधीच ध्यानात ठेवावे आणि म्हाताऱ्या माणसांना आधी बोलू द्यावे.

जुन्या संगणकावर अजून स्काईपचे निळे चिन्ह असेल तर त्याच्या नादी लागू नका. ती सेवा ५ मे २०२५ रोजी बंद झाली.

संगणकाची तारीख बघा

इंटरनेट चालू आहे, पण कोणतीही साइट उघडताना सुरक्षित नसल्याचा इशारा येतो आणि कॉल लागत नाही. असे झाले की कोपऱ्यातली तारीख वाचा. तिथे भलतेच जुने वर्ष दिसले तर कारण सापडले. सुरक्षित साइटचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते आणि आपला संगणक ती मुदत स्वतःच्या तारखेवरून तपासतो. तारीख दुरुस्त करा. वीज गेल्यावर दर वेळी ती बिघडत असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपला आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ या नावाचा असतो आणि थोडक्या पैशांत बदलून मिळतो.

पलीकडे दुबई, शारजा किंवा अबुधाबी असेल तर

संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश जातात, पण कॉल सहसा लागत नाही. त्यात तुमच्या संगणकाचा दोष नाही. तिथे इंटरनेट कॉलसाठी सरकारने परवानगी दिलेलीच ॲप चालतात. बोटिम, झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स, गूगल मीट ही त्यातली. ही यादी बदलत असते, म्हणून तिथे राहणाऱ्यालाच विचारून ॲप ठरवा.

इथे कुणीतरी सुचवतो, "व्हीपीएन टाका, लगेच लागेल." हा सल्ला घेऊ नका. बंदी असलेली गोष्ट करण्यासाठी व्हीपीएन वापरणे हा तिथे गुन्हा आहे आणि त्याचा दंड पाच लाख दिरहमपासून पुढे आहे. सल्ला देणारा इथे असतो, भोगावे लागेल ते तिथे कमावणाऱ्याला.

आणि वेळेचेही लक्षात ठेवा. अमिरात आणि ओमान आपल्यापेक्षा दीडच तास मागे आहेत. अमिरातीत २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारची झाली आहे, शुक्रवारी अर्धा दिवस काम असते.

पडदा आणि परका माणूस

संगणक अशा जागी ठेवा की तुमच्या पाठीमागे भिंत येईल, दरवाजा नाही. मागून जाणाऱ्या सुनेला आपण पडद्यावर दिसतो आहोत हे कळतही नाही. मागचे धूसर करण्याची सोय झूम, मीट आणि टीम्समध्ये आहे. माइक बंद केला म्हणजे कॅमेरा बंद झाला असे नाही; दोन्हींची बटणे वेगळी असतात. कॉल संपला की झडप सरकवा किंवा भिंगावर कागदाची पट्टी लावा.

कॉल लागत नाही म्हणून इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधून फोन करू नका. असे नंबर अनेकदा ठगांनी पेरलेले असतात. तुमचा पडदा त्याला दिसेल किंवा तुमचा संगणक त्याला चालवता येईल असे ॲप घ्यायला कुणी सांगितले तर फोन ठेवून द्या. चुकून पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर तक्रार करा. जितका उशीर, तितकी आशा कमी.

सराव

वाचून ठेवलेले ऐन वेळी आठवत नाही, हे आम्हाला वर्गात रोज दिसते. म्हणून एक काम करा. मुले शाळेत असताना, घरात शांतता असताना, संगणकावरून स्वतःच्याच मोबाइलवर कॉल लावा. मोबाइल दुसऱ्या खोलीत बहिणीच्या किंवा जावेच्या हातात द्या. मुद्दाम माइक बंद करा आणि चालू करा, झडप लावा आणि काढा, इअरफोन घाला आणि काढा. मग जागा बदला, म्हणजे दोघींचाही हात बसेल. चार दिवस दहा-दहा मिनिटे पुरेत. तपासण्याचा क्रम जाड अक्षरात लिहून संगणकाशेजारी चिकटवा: मोबाइलवर लागतो का, हॉटस्पॉटवर लागतो का, कॅमेरा ॲपमध्ये दिसते का, रेकॉर्डरमध्ये ऐकू येते का, तारीख बरोबर आहे का.

एवढे जमले की शेजारच्या मुलाला चहाला जरूर बोलवा. मुलाकातीच्या वेळी मात्र दार लोटून घ्या.