दुसरा कंट्रोलर काढून पाहिलात का?

डिस्क जातात, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८मध्ये रेडची कल्पना मांडली, तीच मुळी स्वस्त डिस्क कधी ना कधी दगा देणार हे गृहीत धरून. आज रेड ६ लावायचं, एक हॉट स्पेअर ठेवायचा, लाल दिवा लागला की ड्राइव्ह बदलायचा, हे कामाला नुकताच लागलेला मुलगाही करतो. पण त्या बारा-चोवीस ड्राइव्हचा कारभार ज्या एका कार्डाच्या हाती आहे, ते कार्डच गेलं तर? ड्राइव्ह सगळे ठणठणीत आणि डेटा मात्र हाती नाही. कॅशमध्ये अडकलेलं, डिस्कवर न उतरलेलं लेखन बॅटरीअभावी उडालं, तर फाइल सिस्टिमचा बोजवारा उडतो तो वेगळाच.

काही तास बंद राहिलेलं चालत असेल, तर त्याच जातीचं एक कार्ड कपाटात ठेवा. नव्या कार्डाने जुन्या ड्राइव्हवरचं कॉन्फिगरेशन वाचून घेतलं की काम भागतं. बंद राहणं परवडणारच नसेल, तरी लगेच महागडा स्टोरेज बॉक्स घ्यायलाच हवा असं नाही. नोव्हेलच्या नेटवेअरमध्ये डुप्लेक्सिंग होतं: मिररच्या दोन डिस्क दोन वेगवेगळ्या कंट्रोलरवर. तेच आज दोन साधे एचबीए आणि लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड वापरून करता येतं. लहान कार्यालयाला ते पुरतं, असं आमचं मत आहे. विक्रेते हा पर्याय आपणहून सुचवत नाहीत, कारण त्यात विकण्यासारखं फारसं काही नाही.

खरा घोळ ड्युअल कंट्रोलर बॉक्सपाशी होतो. कागदावर सगळं चोख असतं: दोन पोर्टचे सॅस ड्राइव्ह, प्रत्येक कंट्रोलरला स्वतंत्र वाट, एकाच्या कॅशची नक्कल दुसऱ्यात, सर्व्हरवर मल्टिपाथिंग. पण पैसे वाचवायला मध्येच एका पोर्टचे साटा ड्राइव्ह घातले जातात, किंवा दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये जातात. दोन्ही पॉवर सप्लाय एकाच यूपीएसवर असलेले तर आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

लोडचं गणितही असंच राहून जातं. दोन्ही कंट्रोलर ॲक्टिव्ह म्हणून दोघांवर सत्तर-सत्तर टक्के भार टाकला, तर एक गेल्यावर उरलेल्याने एकशे चाळीस कसे पेलायचे? शिवाय नक्कल ठेवायला जोडीदार उरला नाही, की बहुतेक बॉक्स राइट-बॅक सोडून राइट-थ्रूवर येतात. म्हणजे भार दुप्पट होतो नेमका त्याच क्षणी लेखन मंदावतं. त्यात लिनक्सवर डिस्कच्या कमांडची मुदत सहसा ३० सेकंदांची. फेलओव्हरला त्याहून जास्त वेळ लागला, तर बॉक्स वाचतो आणि डेटाबेस आडवा होतो.

फर्मवेअर दोन्ही कंट्रोलरवर एकच असतं, असावंच लागतं. त्यामुळे त्यातला दोषही दोघांना एकदमच भोवतो. ड्राइव्हच्या फर्मवेअरचंही तेच. नोव्हेंबर २०१९मध्ये एचपीईने कळवलं होतं, की त्यांचे काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालले की फर्मवेअरमधल्या चुकीमुळे कायमचे बंद पडतील. एकाच दिवशी बसवलेले ड्राइव्ह एकाच वेळी जाणार! इथे रेडही कामाचं नाही आणि दुसरा कंट्रोलरही नाही. बॅकअप वेगळा हवा तो यासाठी.

टँडम कंपनीच्या यंत्रांमध्ये सगळंच जोडीने असे. तिथल्या बिघाडांच्या नोंदी जिम ग्रे यांनी १९८५मध्ये तपासल्या, तेव्हा हार्डवेअरचा वाटा १८ टक्के निघाला आणि यंत्र सांभाळण्यातल्या चुकांचा ४२ टक्के. हार्डवेअर दुहेरी केलं की उरतो तो माणूस, आणि त्याचा इलाज खरेदीच्या यादीत सापडत नाही.

म्हणून आमचा आग्रह एकच आहे. खरा डेटा चढवण्याआधी, खोटा लोड देऊन, चालू बॉक्समधून एक कंट्रोलर बाहेर काढा. घड्याळ लावा. मग तो परत बसवून दुसरा काढा, एकेक केबल उपटा, एका बाजूची वीज घालवा. ही चाचणी निविदेतच लिहा, आणि ती झाल्याशिवाय इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही करू नका. वेंडरचा इंजिनिअर म्हणेल, "सर, ऑटोमॅटिक आहे, काही गरज नाही." त्याला चहा पाजा आणि कंट्रोलर काढायला सांगा. पुढे फर्मवेअर बदललं की नियोजित डाउनटाइममध्ये पुन्हा तेच करा.

त्याच वेळी आणखी एक पाहून घ्या. एक कंट्रोलर गेला तरी काम चालूच राहतं, त्यामुळे कोणाच्या ते लक्षातच येत नाही. अलर्टचा मेल नोकरी सोडून गेलेल्या कोणाच्या तरी पत्त्यावर जात असतो, आणि बॉक्स महिनोन्महिने एका पायावर उभा असतो. चाचणीत कंट्रोलर काढल्यावर मेल कोणाला आला आणि किती मिनिटांनी, हेही त्या रिपोर्टात नोंदवून घ्या.