कॅप्टन स्मिथ आणि आमचा लोहार

चवथीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. माटोळी बांधून मी नुकताच शिडीवरून खाली उतरलो होतो, तेवढ्यात शेजारचा मुलगा अंगणात येऊन उभा राहिला. मुलगा म्हणायचे ते सवयीने. आता तो चाळिशीला आलाय, मालवाहू बोटीवर इंजिनियर आहे, सहा महिने समुद्रावर आणि उरलेले घरी. हातात एक कागद होता.

"काका, एवढं शुद्धलेखन बघून द्या. पेपरात द्यायचंय."

कागद वाचला. आडनाव बदलल्याची जाहिरात होती. आपल्या वर्तमानपत्रांत अशा चौकटी नेहमीच दिसतात. अमुक यांनी आपले आडनाव बदलून तमुक केले आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी, वगैरे. याचे आडनाव लोहार. आजोबा चोर्ला घाट उतरून बेळगावच्या बाजूने आले आणि आमच्या वाड्याच्या टोकाला त्यांनी भट्टी घातली. माझ्या लहानपणी गावातले सगळे कोयते आणि कुदळी त्या भट्टीतून धार लावून यायच्या. भट्टी बंद होऊन आता पंचवीस वर्षे झाली. याला आता आपल्या गावाच्या नावापुढे 'कर' लावलेले आडनाव हवे होते.

"का रे?" मी विचारले.

"पोरीला पुढच्या जूनमध्ये शाळेत घालायचीय, काका. मला शाळेत कोणी वाईट बोललं असं नाही. पण आडनाव सांगितलं की समोरचा 'अच्छा' म्हणायचा. तो 'अच्छा' तिच्या वाट्याला नको."

थोडा थांबून म्हणाला, "आमचा कॅप्टन इंग्रज होता. स्मिथ. स्मिथ म्हणजे लोहारच ना? त्याला कधी कोणी 'अच्छा' म्हटलं नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कागद ठेवून तो गेला. सण उरकल्यावर मी या स्मिथच्या मागे लागलो. जे हाती आले आणि त्यावरून जे मत झाले, ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

स्मिथ हा इंग्रजांच्या जुन्या भाषेतला शब्द. धातू घडवणारा कारागीर एवढाच त्याचा अर्थ. सोने घडवणारा तो गोल्डस्मिथ. सिक्सस्मिथ नावाचे एक आडनाव आहे, त्याचा सहा या आकड्याशी काही संबंध नाही. तो सिकलस्मिथ, म्हणजे विळे घडवणारा. नेस्मिथ म्हणजे सुऱ्या घडवणारा. १८९१ साली बास्केटबॉलचा खेळ काढणारे जेम्स नेस्मिथ नावाने असे सुरीवाले. उलट लंडनमधला स्मिथफील्ड हा प्रसिद्ध बाजार ऐकून तिथे लोहार राहत असतील असे वाटते, पण ते नाव 'सपाट मैदान' या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलेले आहे.

इंग्लंडमध्ये पूर्वी सामान्य माणसाला आडनाव नव्हते. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर आधी जमीनदारांत आणि मग हळूहळू खालच्या लोकांत आडनावे रुजली. गावात चार जॉन असले की एक टेकडीजवळचा, एक विल्यमचा मुलगा आणि एक लोहार जॉन. कारभार लॅटिनमध्ये चाले, त्यामुळे कागदोपत्री हाच लोहार पुष्कळदा 'फेबर' म्हणूनही सापडतो.

मग प्रश्न येतो की गावात सगळे शेतकरीच असताना लोहाराचे नाव एवढे कसे पसरले? उत्तर प्रश्नातच आहे. सगळेच शेतकरी असले तर 'शेतकरी जॉन' म्हणून कोण ओळखू येणार? लोहार गावात एक, फार तर दोन. पण तो गावोगाव असायचाच, कारण त्याच्यावाचून नांगराला फाळ नाही आणि घोड्याला नाल नाही. प्रत्येक गावात थोडे आणि सगळ्या देशात मिळून पुष्कळ, असा हा हिशेब आहे.

आता माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. १३७७, १३७९ आणि १३८१ अशी तीनदा इंग्लंडमध्ये डोईपट्टी बसवली गेली. तिच्या काही याद्यांत नावासमोर धंदाही लिहिलेला आहे. त्यात आडनाव एक आणि धंदा दुसराच अशी माणसे दिसू लागतात. म्हणजे बापाचे किंवा आजोबाचे नाव चिकटून राहिले, पण नातू दुसऱ्याच कामाला लागला. माझ्या मते स्मिथ हे आडनाव तिथून मुके व्हायला लागले. पुढे सहाशे वर्षांत ते इतके मुके झाले की आज स्मिथ म्हटल्यावर इंग्रजाच्या डोळ्यांसमोर ऐरण येत नाही. मार्गारेट थॅचर १९७९ साली पंतप्रधान झाल्या. थॅचर म्हणजे घरे शाकारणारा. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी घर शाकारायला माणसे यायची, तो धंदा. (हे आडनाव त्यांच्या नवऱ्याकडचे.) पण त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी हजार गोष्टी काढल्या असतील, छप्पर कोण शाकारत होते हा काही राजकारणातला मुद्दा झाला नाही.

आकडे पाहिले तर थक्क व्हायला होते. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत स्मिथ आडनावाची माणसे २४,४२,९७७ होती, देशात पहिला क्रमांक. आपल्या गोव्याची सगळी लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४,५८,५४५. म्हणजे एकट्या अमेरिकेतले स्मिथ गोळा केले तर दीड गोव्याहून जास्त भरतील. खुद्द ब्रिटनमध्येही पाच लाखांहून अधिक स्मिथ आहेत.

पण हे सगळे त्या जुन्या इंग्रज लोहारांचे वंशज, असे कोणी समजू नये. अमेरिकेत आलेले कितीतरी जर्मन श्मिट पुढे स्मिथ झाले. एलिस बेटावरच्या कारकुनांनी लोकांची नावे परस्पर बदलली अशी एक कथा सांगतात, ती खरी नाही. ते कारकून बोटीवरच्या यादीवरून काम करत. नावे बदलली ती बहुतेक लोकांनी स्वतःच, नंतर, नोकरी-धंद्यासाठी. आयर्लंडमधल्या मॅक गावन लोकांची कथा वेगळी. त्या आडनावाचा अर्थच लोहाराचा मुलगा, आणि त्यांतले पुष्कळ भाषांतर होऊन स्मिथ झाले. १४६५ साली डब्लिनच्या आसपासच्या आयरिश लोकांसाठी तर कायदाच झाला होता, की त्यांनी इंग्रजी आडनाव घ्यावे: एखाद्या गावाचे, रंगाचे किंवा धंद्याचे. धंद्याच्या उदाहरणांत स्मिथ हे नाव त्या कायद्यातच दिलेले आहे. आणि २०१० च्या त्याच जनगणनेप्रमाणे अमेरिकेतल्या दर शंभर स्मिथांपैकी सुमारे तेवीस कृष्णवर्णीय आहेत. गुलामगिरीत आपले मूळ नाव पुसले गेलेल्या माणसांच्या त्या पुढच्या पिढ्या. तेव्हा स्मिथ पसरला त्यात काही ठिकाणी खुशी होती, काही ठिकाणी सक्ती आणि काही ठिकाणी निव्वळ अन्याय.

लोहार तर जगात सगळीकडे आहे. इटलीचा फेरारी, हंगेरीचा कोवाच, रशियाचा कुझ्नेत्सोव्ह, अरबांचा हद्दाद. लाखो रुपयांची नव्हे, कोट्यवधींची गाडी घेणारा माणूस लोहाराचे नाव मिरवत फिरतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो! आमच्या गोव्यातला फॅरेरासुद्धा लोखंडाशीच नाते सांगणारा.

फॅरेरावरून गाडी आपल्या दारात आली. आपल्याकडे लोहार मुका का झाला नाही? आडनाव धंद्यावरून पडले हे दोन्हीकडे सारखेच. फरक पुढच्या पिढीत पडला. इंग्लंडमधल्या स्मिथचा मुलगा शिंपी होऊ शकला आणि सुताराच्या मुलीशी लग्न करू शकला. आपल्याकडे लोहार हा बलुतेदार. धंदा जन्माने आला आणि सोयरीक जातीतच झाली. भट्टी थंड झाली, मुलगा इंजिनियर झाला, तरी आडनाव बोलतच राहिले, कारण ते कधी फक्त धंद्याचे नव्हतेच. आपण आडनाव ऐकतो ते माणूस ओळखण्यासाठी नव्हे, त्याला कुठल्या पाटावर बसवायचे ते ठरवण्यासाठी.

मग आडनाव बदलले तर हे सुटते का? गोव्याला हा अनुभव चारशे वर्षांचा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत धर्मांतर झालेल्या आपल्या लोकांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावे मिळाली, पुष्कळदा पाद्रीची किंवा धर्मपित्याची. एका फटक्यात घराण्याची जुनी नावे गेली. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा. त्यातून जात कळायचा काही मार्ग नाही. तरी बामण आणि चारदो हे भेद राहिलेच आणि सोयरिकीच्या वेळी ते बाहेर येत राहिले. आडनाव मुके झाले तर वाडा बोलू लागला. "तूं कोणालो?" हा प्रश्न काही बाप्तिस्म्याने पुसला गेला नाही.

इंग्रजांचे फार कौतुक करावे असेही मला वाटत नाही. तिथे आडनाव जे सांगत नाही ते बोलण्याचा हेल आणि शाळेचे नाव सांगते. शिवाय स्मिथ मुका आहे तो आपल्या घरात. ब्रिटनच्या सरकारने करवून घेतलेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला नऊ अर्जांमागे एक चांगले उत्तर आले, अल्पसंख्य वंशांच्या वाटणाऱ्या नावांना सोळा अर्जांमागे एक. म्हणजे 'अच्छा' म्हणणारे तिथेही आहेत, फक्त त्यांना चिकटलेली नावे वेगळी.

अलीकडची एक बातमी मात्र मला फार आवडली. न्यूझीलंडमध्ये गेल्या काही वर्षांत नव्या जन्मांच्या नोंदींत सिंग या आडनावाने स्मिथला मागे टाकले आहे. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथ स्थापन केला तेव्हा पुरुषांना सिंग आणि स्त्रियांना कौर ही नावे दिली, ती जातीची ओळख नावातून जावी म्हणून. ती पुरती गेली असे म्हणवत नाही, पण हेतू तो होता. जे काम स्मिथच्या बाबतीत सहाशे वर्षांच्या विसराळूपणाने केले, ते एका माणसाने ठरवून करू पाहिले.

थोडक्यात, माझे मत असे. आडनाव हे नुसते भांडे आहे. त्यात अर्थ ओततो तो ऐकणारा. लोहार या शब्दात कमीपणा काही नाही. असता तर फेरारीचा कारखाना कधीच बंद पडला असता. आडनाव बदलायचा हक्क प्रत्येकाला आहे, आपल्या गोव्यात त्यासाठी १९९० चा कायदा आहे, आणि ज्याला ते ओझे वाटते त्याने ते खुशाल उतरवावे. माझ्यासारख्याने त्याला "अरे, अभिमान बाळग" असा उपदेश करू नये. माझे आडनाव गावावरून पडलेले, 'कर' लावलेले. ते ऐकून मला कधी कोणी 'अच्छा' म्हटलेले नाही. फुकटचा अभिमान शिकवायला माझे काय जाते?

पण जाहिरात देऊन आडनाव बदलण्याची पाळी त्याच्यावर का यावी? बदलायचे आहे ते आपण, ऐकणाऱ्यांनी. आणि खरे सांगायचे तर त्याच्या लहानपणी त्याला कोणा पाहुण्याने आमच्या ओट्यावर "कुणाचा रे तू?" विचारले, तेव्हा त्याच्या आधी "आमच्या लोहाराचा नातू" असे उत्तर मीच दिले आहे. एकदा नव्हे. तेव्हा त्यात काही वावगे आहे असे मनातही आले नाही.

कागद परत द्यायला मी त्याच्या घरी गेलो. दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते, ते दुरुस्त केले होते. स्मिथची सगळी कथा सांगितली, तो हसला. म्हटले, "आडनाव बदल, माझं काही म्हणणं नाही. पण पणजोबा काय करत होते ते पोरीला सांग. लपवायचं म्हणून बदलू नकोस."

"लपवत नाही काका," तो म्हणाला. दाराच्या मागे पिशवीत गुंडाळलेली ऐरण त्याने मला दाखवली. "ही विकली नाही मी."

जाहिरात अजून छापून आलेली नाही. तो पुन्हा बोटीवर गेला आहे, आल्यावर ठरवणार आहे. जूनपर्यंत वेळ आहे. त्या शाळेतल्या बाईंना, शेजारच्या बाकावरच्या मुलांच्या आईबापांना आणि आपल्या सगळ्यांनाही तेवढाच वेळ आहे. ती पोर आपले आडनाव सांगेल, मग ते कुठलेही असो, तेव्हा 'अच्छा' न म्हणता तिला तिचे नाव विचारण्याची सवय तोवर लागली तर बरे.