माळेगावच्या बाजारातच भरवा घोड्यांचा वर्ग



कळंब तालुक्यात लग्नसराई आली की वरातीच्या घोड्यांना मागणी येते. मेंढपाळांचा वाडा हलतो तेव्हा बिऱ्हाड तट्टांच्या पाठीवर असते. अशा एखाद्या जनावराच्या पोटात रात्री दुखू लागले, ते जमिनीवर लोळून पाय झाडू लागले, की मालकाच्या तोंडचे पाणी पळते. गाई-म्हशींवर हात बसलेले डॉक्टर जवळपास मिळतात. घोड्यावर हात बसलेला डॉक्टर मात्र शोधावा लागतो. दोष त्या डॉक्टरांचा नाही. शिकताना त्यांच्या हाताखालून घोडे गेले किती, हा खरा प्रश्न आहे.

पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे तिची महाविद्यालये आहेत. अभ्यासक्रमात घोडा आहेच. पण महाविद्यालयाच्या दवाखान्यात प्रामुख्याने येतात गाय, म्हैस, शेळी आणि कुत्री. मुंबई-पुण्याला निदान रेसकोर्स तरी आहे. इकडे तेही नाही.

पोटशूळाचेच घ्या. घोड्याला उलटी होत नाही. जठरात वायू आणि द्रव साचत गेला तर ते फुटू शकते, म्हणून नाकातून नळी घालून ते रिकामे करावे लागते. घोडा गिळतो नेमक्या त्या क्षणी नळी पुढे सरकवायची. ती अन्ननलिकेत गेली असेल तर मानेच्या डाव्या अंगाला सरकताना दिसते किंवा बोटांना लागते. श्वासनलिकेत गेली आणि कुणी तशीच त्यातून औषध ओतले, तर ते थेट फुप्फुसात जाते आणि घोडा दगावतो. पुस्तकात हे एका परिच्छेदात संपते. बोटांना ते कळायला समोर घोडा उभा असावा लागतो, आणि शेजारी जाणता शिक्षक.

हे घोडे महाराष्ट्रात एकत्र जमतात. मार्गशीर्षात दत्त जयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याचा बाजार भरतो. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा असते आणि तिथे घोड्यांबरोबर गाढवांचाही मोठा बाजार असतो. शेवटच्या वर्षाच्या आणि इंटर्नशिपच्या विद्यार्थ्यांना तुकड्या पाडून तिथे मुक्कामी न्यावे आणि त्या कामाला गुण द्यावेत. बिथरू न देता घोड्याजवळ कसे जायचे, इथपासून सुरुवात. मग नाडी मोजणे (निरोगी मोठ्या घोड्याची मिनिटाला साधारण 28 ते 44), दोन्ही कुशींवर स्टेथोस्कोप ठेवून आतड्यांचे आवाज ऐकणे, दात पाहणे, खूर तपासणे, धनुर्वाताची लस टोचणे. नालबंदाशेजारी बसून एक दिवस काढला तर खुराबद्दल जे कळते ते वर्गात कळत नाही. मालकांनाही मोफत तपासणी मिळेल. नळी घालण्याचा सराव मात्र आधी महाविद्यालयात प्रतिकृतीवरच व्हावा. बाजाराने दमलेल्या जनावरावर शिकाऊ हात चालवू नयेत.

घोडे कमीच होत चाललेत, मग एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. आकडे खरे आहेत. देशात 2012 च्या पशुगणनेत घोडे-तट्टे सुमारे 6.25 लाख होती, 2019 मध्ये ती 3.4 लाखांवर आली. पण उरलेले जनावर बहुधा गरिबाच्या घरचे आहे आणि त्यावर त्या घराची भाकरी चालते. शिवाय ग्लँडर्स हा घोडा-गाढवांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि जीव घेऊ शकतो. त्याचे निदान झालेले जनावर मारावे लागते. नाकातला चिकट स्राव आणि कातडीवरच्या गाठी पाहून ज्याला पहिली शंका यायला हवी, तो तालुक्याचा डॉक्टरच असतो. आणि शेतात साप चावल्यावर जे इंजेक्शन आपल्याला वाचवते, ते घोड्याच्याच रक्तापासून तयार होते, हे शेतकऱ्याच्या मुलखात तरी विसरू नये.

नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने यासाठी नव्या इमारतीची वाट पाहू नये. गाडी, मुक्काम, औषधे आणि दोन अनुभवी शिक्षक एवढ्यावर हे शिबिर उभे राहते. येत्या यात्रेला परभणी आणि उदगीरच्या तुकड्या माळेगावात असाव्यात आणि तसे वेळापत्रक विद्यापीठाने दिवाळीपूर्वी जाहीर करावे, ही विनंती.

एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)