अब्रू कोणाची राखायची?

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘मी टू’ची लाट देशभर पसरली, तेव्हा पुण्यातील सिम्बायोसिसच्या माध्यमशिक्षण संस्थेतील आजी-माजी विद्यार्थिनींनी अध्यापकांविषयीच्या आपल्या तक्रारी समाजमाध्यमांतून उघडपणे मांडल्या. त्यांनी अंतर्गत तक्रार समितीकडे यावे, असे आवाहन संस्थेने केले. त्यांतील कोणता आरोप खरा नि कोणता खोटा, याचा निवाडा नियतकालिकाच्या रकान्यांत होऊ शकत नाही. परंतु त्या घटनेने उभा केलेला प्रश्न अद्याप तसाच आहे. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ पासून होता, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियमही मे २०१६ मध्ये जारी झाले होते. मग या मुलींना समितीच्या दारापेक्षा चव्हाटा अधिक सुरक्षित का वाटावा?

‘मुलींना प्रसिद्धी हवी असते’ हे त्याचे उत्तर नव्हे. असली प्रसिद्धी कोणाला हवी असते, हे तसे म्हणणाऱ्यांनी आपल्या घरातील मुलींनाच एकदा विचारावे. खरे उत्तर ‘अब्रू’ या शब्दात दडले आहे. पूर्वी घराण्याच्या अब्रूसाठी मुलीने गप्प बसावे अशी रीत होती. आता घराण्याच्या जागी संस्था आली आहे. संस्थेचे नाव, ‘नॅक’ची श्रेणी, पुढील वर्षीचे प्रवेश, विश्वस्तांची मर्जी यांची काळजी आधी वाहिली जाते आणि मुलीची पाळी शेवटी येते. तिला समजावले जाते की परीक्षा तोंडावर आहे, आईवडिलांना काय वाटेल, सरांची निवृत्ती जवळ आली आहे. फार झाले तर वसतिगृहाचे दार अर्धा तास अगोदर बंद होऊ लागते आणि सुरक्षेचा प्रश्न सुटल्याचे समाधान मानले जाते. छळ दिवसाढवळ्या विभागात झालेला असतो, याचा सर्वांना सोयीस्कर विसर पडतो!

कागदावरचे नियम मागासलेले आहेत, असे मात्र म्हणता येणार नाही. राजस्थानातील भंवरीदेवी या साथिनीवर १९९२ साली झालेल्या अत्याचारानंतर स्त्री-संघटना न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल आला. एका खेड्यातील श्रमिक स्त्रीने सोसलेल्या अन्यायातून विद्यापीठांतील सुशिक्षितांना हे संरक्षण मिळाले आहे, एवढी जाणीव तरी प्राध्यापकवर्गाने ठेवावी. आयोगाच्या नियमांनुसार समितीत निम्म्याहून कमी स्त्रिया असता कामा नयेत, एक सदस्य संस्थेबाहेरचा असावा, आणि कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा अधिकाऱ्यांना समितीत स्थान नसावे. चौकशी ९० दिवसांत संपावी. ती चालू असताना आरोप असलेल्या अध्यापकास तक्रारदार विद्यार्थिनीच्या कामाचे मूल्यमापन करण्यास मनाई करता येते.

या शेवटच्या तरतुदीचे मोल संशोधक विद्यार्थिनीच जाणे. मराठवाड्यातून वा खानदेशातून पुण्यास आलेली आणि पाठ्यवृत्तीवर खोलीचे भाडे भागविणारी मुलगी मार्गदर्शकाच्या सहीवर जगत असते. पाठ्यवृत्तीचे कागद, प्रगती-अहवाल, प्रबंध आणि पुढे नोकरीसाठी लागणारे शिफारसपत्र या सर्वांवर सही त्याचीच. कारखान्यातील कामगाराला निदान संघटना असते, दुसरा कारखाना असतो. मार्गदर्शक बदलणे म्हणजे मात्र तीन-चार वर्षांचे काम पाण्यात घालणे. अशा मुलीने तीन महिन्यांत तक्रार करावी, फार तर आणखी तीन महिने घ्यावेत, असे कायदा सांगतो. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातील एका अध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची तक्रार या मुदतीवरच अडली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरविली आणि त्याच वेळी या निकालाचा उल्लेख कुलगुरूंच्या परिचयपत्रात राहिला पाहिजे, असाही आदेश दिला. आरोपांची शहानिशा नाही, पण नोंद कायमची! यात ना तक्रारदाराला न्याय मिळाला, ना आरोपीला.

समितीवर विश्वास का बसत नाही, याचे एक कारण महाराष्ट्रात विशेष ठळक आहे. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास पदवी, पदव्युत्तर व संशोधन या स्तरांवरील तीन विद्यार्थी समितीवर असावेत आणि ते लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत, असे आयोगाचा नियम म्हणतो. पण येथे विद्यार्थ्यांना निवडणुकीची सवय राहिली आहे कोठे? खुल्या निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने त्या परत आणल्या. परंतु २०१९ साली व्हावयाच्या निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या आणि त्यानंतरही वर्षे उलटत राहिली. जेथे विद्यार्थी परिषदच निवडली जात नाही तेथे समितीवरचा विद्यार्थी प्राचार्यांच्या पसंतीचा असणार, हे उघड आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ पासून निवडून आलेल्या प्रतिनिधींची समिती काम करीत होती. २०१७ साली ती मोडून तिच्या जागी नेमलेली समिती बसविण्यात आली.

तक्रार दडपणे हाच एक दोष आहे, असेही नाही. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने घाईघाईने एकापाठोपाठ बैठका उरकल्या, आणि पुढे त्यास बडतर्फ करण्यात आले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. आरोप खोटे होते म्हणून नव्हे, तर त्या घाईत बचावाची पुरेशी संधी दिली गेली नाही म्हणून. प्रकरण पुन्हा चौकशीसाठी समितीकडे धाडण्यात आले. चौदा वर्षांनंतर! त्या मुली एव्हाना संसाराला, नोकरीधंद्याला लागल्या असतील. त्यांनी पुन्हा येऊन तेच सारे सांगावयाचे. चौकशीचे शास्त्र न शिकविता प्राध्यापकांना न्यायाधीशाच्या आसनावर बसविले की असे होते. आरोपीचा बचावाचा हक्क मोडला, तर पुढे त्याची किंमत तक्रारदार मुलीलाच मोजावी लागते.

याच पुण्यात १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे, सुखरूप बाळंत व्हावे, अशा सूचना त्यांनी ब्राह्मण वस्तीतील गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर चिकटविल्या होत्या. येणाऱ्या स्त्रीचे नाव गुप्त राखले जाई. गृह मात्र उघडपणे चाले. आज बहुतेक संस्थांत याच्या उलट दिसते. मुलीचे नाव दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात पोहोचते आणि समिती कोठे बसते हे कोणास ठाऊक नसते. २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने, आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांनी, निदान एवढे करावे. तक्रारींचा जो वार्षिक अहवाल आयोगाला पाठविणे बंधनकारक आहे, तो नावे वगळून अधिसभेपुढे चर्चेस ठेवावा. किती तक्रारी आल्या, किती ९० दिवसांत निकालात निघाल्या, किती मुलींनी तक्रार मागे घेतली आणि का, हे अधिसभेत विचारले गेले पाहिजे. आणि ज्या महाविद्यालयाच्या अहवालात वर्षामागून वर्षे ‘निरंक’ लिहिलेले असेल, त्याच्या प्राचार्यांना सर्वांत आधी बोलावून घ्यावे.