बँक फसली तर हल्ला, शेतकरी फसला तर मूर्खपणा

'ओटीपी कोणालाही सांगू नका.' आमच्या काष्टीत काय किंवा पुण्यामुंबईत काय, बँकेच्या भिंतीवर, एटीएमच्या काचेवर, फोनच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात हेच वाक्य. सल्ला चांगलाच आहे. पण त्यात एक खोच आहे, आणि ती मला खुपते. पैसे गेले तर चूक तुमची, हे त्यात आधीच ठरून गेलेलं असतं.

आता कॉसमॉस बँक आठवा. पुण्याची, १९०६ सालची, नावाजलेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात आणखी अडीच कोटी. त्यात आपलं कोल्हापूरही होतं बरं का! सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्गे जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात. एकूण ९४ कोटींच्या वर.

हे जमलं कसं? एटीएम स्वतः काही ठरवत नाही. ते मधल्या 'स्विच'ला विचारतं, स्विच बँकेच्या मुख्य संगणकाला विचारतो, आणि 'हो, द्या' असं उत्तर आलं की नोटा बाहेर. चोरांनी मध्ये एक तोतया स्विच बसवला. तो मुख्य संगणकाला विचारतच नव्हता, परस्पर 'हो, द्या' म्हणत होता. यंत्रांनी विश्वास ठेवला.

म्हणजे बँकही तोतयावर विश्वास ठेवूनच फसली! मग बँकेवर झाला तो 'अत्याधुनिक सायबर हल्ला', आणि ऊसाचं बिल खात्यावर जमा झाल्यावर 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला भुललेला माणूस मात्र अडाणी? हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, खेड्यातल्या लोकांना कळत नाही म्हणून फसतात. बरं. २००५ साली पुण्यातल्याच एम्फसिसच्या कॉल सेंटरमधल्या काही जणांनी सिटीबँकेच्या ग्राहकांकडून गोड बोलून पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर लांबवले. ते ग्राहक अमेरिकेतले होते. आता त्यांना काय म्हणायचं?

सावधपणा नको असं मी म्हणत नाही. गाय घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, चार लोकांना विचारतो. पण बाजारात गाय दिसते, विकणारा दिसतो. फोनवरचा माणूस दिसत नाही. जी व्यवस्था बँकेने उभी केली, जिच्यामुळे तिचा शाखेचा खर्च वाचला, तिची जोखीम तेवढी खातेदाराच्या गळ्यात का?

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली यावर नियम केले होते, त्याच डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही. दोष बँकेचा असेल तर नुकसान बँकेचं. दोष त्रयस्थ ठिकाणी असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरी त्याच्यावर काही नाही. आणि ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करायचं ते बँकेने. मात्र ओटीपी स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. म्हणूनच बँकेची पहिली चौकशी असते, 'ओटीपी दिला का?' पण अनोळखी खात्यावर रात्री लाखभर रुपये जाताना तुमच्या संगणकाला काहीच कसं खटकलं नाही, हे बँकेला कोण विचारणार?

कॉसमॉस प्रकरणात २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा केली. ती एटीएमवर पाठवलेली माणसं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी बोट दाखवलं ते उत्तर कोरियाकडे. एवढ्या ताकदीच्या चोरांपुढे कॉसमॉससारखी बँक टिकली नाही, आणि आपण साध्या खातेदाराकडून अपेक्षा करतो की त्याने एकट्याने, एका वाक्याच्या जोरावर टिकावं!

असो. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा, बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. आणि दोष कुणाचा ते आधी बँकेला सिद्ध करू द्या.